निळ्या दोऱ्याच्या नोटा

सेमारांग, १४ जून १९१४

म्बाक्यू,

थोरल्या बहिणीच्या पायाशी डोकं ठेवून हा दर्सोनो लिहितो आहे.

लास्त्रीचे वडील पाक मंगुन ‘हो’ म्हणाले हे तुझ्या पत्रात वाचलं आणि त्या दिवशी बँकेत माझ्या हातून एकही बेरीज धड झाली नाही. शेजारचा कारकून म्हणाला, “काय रे, ताप आलाय?” म्हटलं, आलाय, बेसार महिन्यात उतरेल. लग्न बेसारातच ना? पुढे सुरो महिना लागला की कुणी मांडव घालत नाही, आणि पाक मंगुन तर म्हणे बेसार सोडून दुसऱ्या महिन्याचं नावच काढू देत नाहीत. म्हणजे या खेपेस हुकलं की वर्ष गेलं.

त्यांची अटही वाचली. चटईच्या घडीतून मी लास्त्रीच्या ओटीत तांदूळ, डाळी आणि पैसे ओतायचे, ते पैसे चांदीचेच हवेत, कागद चालायचा नाही. आणि त्यांचा जावई भाकरी खातो ती कागदाची! आमच्या बँकेचं दुखणं तुला सांगतो. आम्ही नोट बाहेर सोडतो, ती पाळलेल्या कबुतरासारखी चार दिवसांत परत येते आणि बदल्यात चांदी मागते. चांदी मात्र एकदा गेली की पुन्हा तोंड दाखवत नाही. ब्राउवर साहेबांनी भिंतीवर जावाचा नकाशा टांगलाय. दक्षिणेकडे बोट ठेवून ते रोज विचारतात, “इकडे जाते तरी कुठे?” मला ठाऊक आहे, पण बोलत नाही. ती कोतागेदेला जाते आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या मुशीत वितळून तिची पानदानं होतात.

गावच्या तंबाखूवाल्याबरोबर माझ्या साठवणीच्या नोटा पाठवल्या आहेत. त्यांचे हळूहळू चांदीचे रिंगिट करून तुझ्या पलंगाखालच्या मडक्यात ठेव. माझा संसार आता त्या मडक्यात आहे, एवढं लक्षात असू दे.

तुझा
दर्सोनो


कोतागेदे, लेगीचा बाजार उठल्यावर, २६ जून

थोले,

बँकेत खुर्चीवर बसायला लागलास तरी माझ्यासाठी थोलेच. नाक पुसता येत नव्हतं तेव्हा जे म्हणायचे तेच म्हणणार.

नोटा पोचल्या. निम्म्या बदलल्या, बाकीच्या बदलते आहे. मडकं आता हलवलं की बोलतं. लास्त्री दुपारी माझ्याकडे बाटिकचं काम शिकायला येते. मुलगी कमी बोलते, पण जे बोलते ते खाली पडत नाही. तुझ्यासारख्या बडबड्याला असंच कुणीतरी हवं होतं.

तुझे साहेब नकाशाला काय विचारतात? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. परवाची गोष्ट. एक कोटातला शहाणा, जरीची सारोंग नेसलेला मेला! माझ्या शेजारी बसणाऱ्या गिनाहकडून सोयाबीनचं तेंपे घेतलं आणि दहाची म्हणून पाचाची नोट दिली. गिनाह बिचारी मोड परत देऊन मोकळी. तिला वाचता येत नाही, आणि तुमच्या पाचात आणि दहात फरक तो काय? दोन्हींवर तीच बाई, तीच वेलबुट्टी. कळलं तेव्हा गिनाहने अशा शिव्या दिल्या की समोरचा कसाईसुद्धा लाजला. पण शिव्यांनी नोट मोठी होत नाही. तेव्हापासून बाजारात कागद दिसला की बायका हात मागे घेतात. कुणी घेतलीच तर पहिल्या गाडीने चांदी आणायला तुमच्या दारात.

एक सहज विचारते. नोटेला सुई टोचली तर ती मरते का?

तुझी म्बाक्यू
तुकिनेम


सेमारांग, १२ जुलै

म्बाक्यू,

नोट मरत नाही. आकडे आणि सही शाबूत असली की ती जिवंत. पण हे विचारायची वेळ तू बरी साधलीस.

आमच्याकडे खळबळ उडाली आहे. गेल्या आठवड्यात खिडकीवर दक्षिणेकडून अशा नोटा आल्या की कोपऱ्यात दोऱ्याचे टाके! पाचाच्या नोटेला निळा दोरा, दहाच्या नोटेला तपकिरी. साहेबांनी भिंग लावून पाहिलं. त्यांना वाटतं, ही कुठल्या तरी गुप्त मंडळीची खूण आहे, सरकार उलथायला निघालेली. मी जावाचा माणूस आणि दक्षिणेचा, म्हणून शोध लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी सगळे टाके पाहिले. दोन हात आहेत. एकाचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ, बारीक, बघत राहावेत असे. दुसऱ्याचे मात्र ताडी प्यायल्यासारखे, एक इकडे तर एक तिकडे.

तुझ्या बाजारात कुणी सुईवाला गुन्हेगार दिसला तर कळव. मडकं सुखरूप ना?

दर्सोनो


कोतागेदे, १९ जुलै

थोले,

इथे कुणी गुन्हेगार नाही. इथे बाया कापड, मिरच्या आणि तेंपे विकतात.

आणि ताडी प्यायल्यासारखे टाके म्हणजे काय रे? दिवसभर रंगाच्या कढईच्या धुरात बसून डोळे चुरचुरत असतील एखादीचे. दिवा मिणमिणता असेल. तुम्ही पंख्याखाली बसून भिंगातून लोकांचे टाके बघता, लाज नाही वाटत? आई असती तर कान पिळला असता.

चार दिवसांवर रोजे आले. खजूर महाग झालाय. लास्त्री बरी आहे, तिचा हात फार सुरेख चालतो. बाटिकवर म्हणते मी.

मडकं आहे तिथेच आहे.

तुकिनेम


सेमारांग, १२ ऑगस्ट

म्बाक्यू,

घाईत लिहितो. युरोपात लढाई पेटल्याची बातमी तिथेही आली असेल. इथे त्या सकाळपासून बँकेच्या दारात माणसांचा पूर. चिनी व्यापारी, अरब, वलंदेज मडमा, सगळ्यांच्या हातात कागद आणि तोंडात एकच शब्द, चांदी. दारावर शिपाई उभे केलेत. चांदी देणं जवळजवळ बंद आहे. आमचा पगारही कागदात झाला. बाहेर एक म्हातारा मला म्हणाला, “पोरा, तू घेशील का तुझ्याच बँकेची नोट?” मी घेतली. माझ्याकडे दुसरं काय आहे?

आता नीट वाच. साहेबांनी हुकूम काढायचं ठरवलं आहे. ज्या नोटेला दोरा, टाका किंवा भोक असेल, ती येत्या महिन्यापासून बँक घेणार नाही. दोऱ्याची नोट म्हणजे रद्दी.

आणखी एक. त्या दोऱ्याला मागून दुहेरी गाठ असते. मी शाळेत होतो तेव्हा माझ्या सदऱ्याची बटणं तू याच गाठीने शिवायचीस. सदरे फाटले, पण बटण कधी तुटलं नाही. मी पहिल्या दिवशीच ओळखलं. साहेबांना सांगितलं नाही, तुलाही लिहिलं नाही. वाटलं, तू आपणहून बोलशील.

टाके उसवून टाक. मडक्यातली चांदी परसात पूर. कुणालाही दाखवू नकोस, कुणालाही देऊ नकोस. लग्न तेवढ्यावर उभं आहे.

दर्सोनो


कोतागेदे, ईदेच्या आदल्या दिवशी, २२ ऑगस्ट

थोले,

तुझं पत्र दोन बाजार उशिरा आलं. मडक्यात चांदी नाही.

रडू नकोस, आधी ऐक. टाके मीच घातले. गिनाह फसली त्याच आठवड्यात सुरू केलं. निळा पाचाचा, तपकिरी दहाचा, दोरा माझ्याच कढईत रंगवलेला. तो रंग या बाजारात दुसऱ्या कुणाला जमत नाही. बायका तरी बिचकत होत्या. “रंग कळला गं, पण उद्या हा कागद कुणी घेतला नाही तर?” तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून गेले, “माझ्या दोऱ्याची नोट माझ्याकडे आणा, मी चांदी देईन.” झालं! नोटा फिरायला लागल्या. मिरचीवालीकडून मासेवालीकडे, तिच्याकडून न्हाव्याकडे. चांदी मागायला कुणी येईना. कमरेला पिशवीचं ओझं नाही, चोराची भीती नाही. खरं सांगते, मलाही कागद आवडायला लागला होता.

मग लढाईची बातमी आली. त्या लेगीला मी चटई पसरायच्या आत रांग लागली. कुणी भांडलं नाही, ओरडलं नाही. गिनाह तर मान खाली घालून म्हणाली, “म्बाक्यू, माझा विश्वास आहे हो, पण नवरा ऐकत नाही.” मी घरी गेले, मडकं उचलून आणलं आणि देत बसले. सगळ्यात शेवटी सर्वांत जाड पुडकं घेऊन कोण आलं असेल? तुझे सासरे. गिऱ्हाइकांकडून माझ्या दोऱ्याच्या नोटा त्यांनी निमूट घेतल्या होत्या. म्हणाले, “तुकिनेम, शब्द दिला होतास.” दिला होता. उरलेले रिंगिट त्यांच्या रुमालात ओतले. त्याच दुपारी त्यांच्या भट्टीचा धूर दिसला.

तुझ्या बँकेने दारावर शिपाई उभे केले. मी कुणाला उभं करणार होते? पाच दिवसांनी पुढच्या लेगीला मला त्याच जागेवर, त्याच बायकांच्या मधे बसायचं होतं.

आता मडक्यात दोऱ्याच्या नोटा आहेत, आणि तू म्हणतोस ती रद्दी. उसवायचं म्हणतोस तर उसवते, पण भोकं कशी बुजवू? पहिल्यांदाच मला भीती वाटते आहे. पैशाची नाही, तुझं लग्न माझ्या जिभेपायी मोडलं तर तुला तोंड कसं दाखवू, याची.

आणि मुंग्यांच्या रांगेसारखे टाके कुणाचे, ते ओळखलं नाहीस ना? ते लास्त्रीचे. ताडी प्यायलेले माझे.

तुझी म्बाक्यू


सेमारांग, ६ सप्टेंबर

म्बाक्यू,

ईदेला तुझ्या पाया पडायला येता आलं नाही, म्हणून पत्रातूनच पडतो.

तुझं पत्र वाचून रात्रभर तुझ्यावर चिडलो आणि सकाळी चिडचिड कुठे गेली कळलंच नाही. बँकेत गेलो तो थेट साहेबांच्या टेबलापाशी. म्हटलं, “तुआन, सुईवाला सापडला. माझी सख्खी बहीण आहे.”

साहेब लालबुंद झाले. भिंग आपटलं. “बँकेची नोट म्हणजे काय तुमच्या घरची गोधडी आहे?” अर्धा तास मी खाली मान घालून ऐकलं. या वर्षीची पगारवाढ गेली, तेही ऐकलं. मग ते दमले, कॉफीचा घोट घेतला, ती थंड झालेली. म्हणाले, “लढाई सुरू झाल्यापासून कोतागेदेहून चांदी मागायला किती लोक आले?”

“एकही नाही, तुआन.”

“का?”

“ते तिच्याकडे गेले.”

“आणि तिने दिली?”

“सगळी. माझ्या लग्नाची होती.”

साहेबांनी नकाशावर दक्षिणेकडे बोट ठेवलं. मग विचारलं, “आता तिच्याकडे काही उरलंय?” म्हटलं, नाही. “माझ्याकडेही नाही,” साहेब म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. मला एकदम ते कुणाचे तरी मामा वाटले.

तेवढ्यात खजिनदार तार घेऊन आला. आमच्या नोटा हॉलंडात छापतात. नव्या कोऱ्या नोटांचं जहाज लढाईमुळे तिथल्याच बंदरात अडकून पडलंय, कधी निघेल देव जाणे. आणि इथे तळघरात काय झालंय ठाऊक आहे? फाटक्या नोटा आम्ही तांदळाच्या खळीने चिकटवून ठेवल्या होत्या. झुरळांनी खळ खाल्ली, खळीबरोबर नोटाही. दोन महिन्यांपूर्वी साहेबांना चांदी पुरत नव्हती, आता कागदही पुरेना! त्यांनी तुझी एक नोट उचलली. “हिला झुरळ का नाही लागलं?” म्हटलं, दोऱ्याला खळ नसते.

हुकमाचा कागद टेबलावर सहीसाठी पडला होता. साहेबांनी तो उलटा केला आणि त्याच्यावर कॉफीचा कप ठेवला. म्हणाले, “जहाज येईपर्यंत सगळ्या नोटा चालतील. बहिणीला सांग, टाके आकड्यांवर नकोत.”

तेव्हा मडक्यातल्या नोटा जिवंत आहेत! पण लग्नाचं कोडं तसंच. चांदी मला इथे मिळणार नाही, कुणालाच मिळत नाही. पाक मंगुनना सांगायला माझी जीभ उचलत नाही. तू बोल. तुझी जीभ तर ठाऊक आहे.

आणि लास्त्रीला सांग, तिचे टाके मी भिंगातून खूप वेळ पाहिले.

दर्सोनो


कोतागेदे, २० ऑक्टोबर

थोले,

पगारवाढ गेली ती माझ्यामुळे. लग्नात तुला माझ्या हातचं सर्वांत चांगलं कापड नेसवीन, तेवढ्याने फिटणार नाही, पण घे.

पाक मंगुनकडे गेले. चांदी ठोकत बसले होते. म्हटलं, “पाक, मुलाकडे चांदी नाही. नोटा आहेत, पुरेपूर.”

हातोडी खाली न ठेवता म्हणाले, “कागद ओतता येतो का? ओतला की उडतो. पोरीच्या ओटीत नवऱ्याने काय टाकायचं, केळीची पानं?”

“तुम्ही जी चांदी मागता ती तुमच्याच घरात आहे. माझ्या मडक्यातून तुम्हीच नेलीत.”

“नेली. शब्द तुझा होता. आता ती रिंगिट नाही राहिली.” आणि कोपऱ्यावरचं फडकं बाजूला केलं. पानदान, तस्त, चुन्याची डबी. लास्त्रीसाठी. इतकं सुंदर काम की मला भांडायचंच सुचेना. मी तरी म्हटलं, “मग चांदी मुलीलाच मिळाली की.”

“ती बापाची. मी नवऱ्याची मागतोय. पैसा पडला की आवाज झाला पाहिजे. माझ्या आईच्या ओटीत झाला, हिच्या आईच्या ओटीत झाला.” आणि मग हळूच, मला ऐकू यावं की नाही अशा बेताने म्हणाले, “पोरगी लांब चालली आहे, तुकिनेम. त्या शहरात तिला काही कमी पडलं तर मला कोण सांगणार?” अट चांदीची नव्हतीच रे. पण तसं तोंडावर म्हटलं असतं तर हातोडी फेकली असती.

तेवढ्यात आतून लास्त्री आली. हातात तांब्याचा एक सेंट आणि निळ्या दोऱ्याची एक नोट. बापासमोर बसली, नोट सेंटाभोवती गुंडाळली, दोऱ्याने बांधली, दुहेरी गाठ मारली. सुपारीएवढी पुडी झाली. ती तिने वरून आपल्या ओटीत सोडली. टप्प.

“झाला आवाज,” ती म्हणाली.

“हा काय आवाज?”

“ओटी माझी आहे, पाक. मला ऐकू आला.”

म्हाताऱ्याने हातोडी सावरली. मग पुन्हा ठोकायला लागला, आणि ठोकता ठोकता म्हणाला, “एकही खाली पडता कामा नये. पडली तर अपशकुन.” म्हणजे हो म्हणाले. रजा टाक आणि ये.

तुकिनेम


सेमारांग, २९ नोव्हेंबर

म्बाक्यू,

आम्ही सुखरूप पोचलो. खोली लहान आहे, पण खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं. लास्त्रीने पानदान मांडलं आणि शेजारच्या तीन बायका ते बघायला येऊन गेल्या. बँकेत सगळे मला ‘दोरा’ म्हणून हाक मारतात. साहेबांनी आहेर म्हणून बिस्किटांचा डबा दिला. मी सुखात आहे, हे लिहायला लाज वाटते, पण आहे.

एकच गोष्ट आहे. लास्त्री दोन दिवस गप्प होती, तिच्या नेहमीच्या गप्पपणाहून जास्त. काल बोलली. ओटीतल्या पुड्या तिने सोडल्या तर एक कमी. ती म्हणते, मी सगळ्या झेलल्या, एकही पडलेली दिसली नाही. पण मग गेली कुठे? पडली असेल आणि कुणी बोललं नसेल, असं तिच्या मनाने घेतलंय. मी सांगितलं, बांधतानाच मोजणी चुकली असेल. तिला पटत नाही. पुड्या तिने स्वतः बांधल्या होत्या.

तू समोरच बसली होतीस. तुला काही दिसलं का? खरं लिही.

दर्सोनो


कोतागेदे, लेगी, ८ डिसेंबर

थोले आणि माझी लास्त्री,

खरं लिहिते. एक पुडी निसटली. दर्सोनो, तू घाईने ओतलंस, चटईचा कोपरा वाकला आणि पुडी ओटीबाहेर उडाली. सगळे नवरीच्या तोंडाकडे बघत होते. मी पुडीकडे बघत होते, आणि दुसरे पाक मंगुन. ती त्यांच्या बाजूला आली आणि त्यांनी मांडी बदलली. गुडघ्याखाली गेली. मग लग्न लागून जेवणं होईपर्यंत म्हातारा जागचा हलला नाही. लोकांना वाटलं, मुलीच्या वियोगाने उठवत नाही.

आज ते माझ्या चटईपाशी आले. कमरेतून पुडी काढली, तशीच बांधलेली. म्हणाले, “सेमारांगला पाठव. सांग, चटईच्या घडीत अडकली होती.”

म्हटलं, “मी तर तुमच्या गुडघ्याखाली पाहिली.”

“हळू बोल.”

“पण पाक, नुसता कागदच होता. कागद पडला तर अपशकुन कसला?”

 त्यांनी पुडीची गाठ घट्ट आहे ना ते अंगठ्याने चाचपून पाहिलं आणि ती माझ्या हातात ठेवली. मग बायकोसाठी एक कापड निवडलं, नोट दिली. मी मोड म्हणून जपून ठेवलेला एक रिंगिट काढला, तर म्हणाले, “हा राहू दे. दोऱ्याची नोट असेल तर दे.”

पुडी तंबाखूवाल्याबरोबर पाठवली आहे. उघडू नका, तशीच पानदानात ठेवा. आणि लास्त्री, मनातून काढून टाक. जमिनीवर काही पडलं नाही. तुझ्या बापाने झेललं.

तुमची म्बाक्यू
तुकिनेम